सुनेच्या बदली सासू

किशोरला कळा सुरू झाल्या आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या धोंडीबाई विरजण मागायला दारात येऊन उभ्या राहिल्या.

किशोर पडवीत चटईवर ओणवा झाला होता. त्याच्या पोटाला सारिकाच्या जुन्या ओढणीने उशी बांधलेली होती, डोकं खाटेच्या कडेला टेकलेलं होतं आणि तो दातओठ खात कण्हत होता. सारिका त्याच्या मागे बसून दोन्ही तळहातांनी त्याची कंबर दाबत होती. "लांब श्वास घे. आता हळूहळू सोड. शाब्बास. कळ येते आणि जाते, घाबरायचं नाही," असं ती अगदी मायेनं सांगत होती. इतक्या मायेनं ती लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही बोलली नव्हती, असं किशोरचं मत होतं. त्यामुळे तो गरजेपेक्षा जरा जास्तच कण्हत होता.

धोंडीबाईंनी हातातली वाटी उंबऱ्यावर ठेवली. "काय गो सारके, किशोरला काय बाधलं?"

"काय नाय काकी. प्रॅक्टिस चाललीय."

"कसली?"

"बाळंतपनाची."

धोंडीबाईंनी किशोरकडे पाहिलं, मग उशीकडे पाहिलं, मग पुन्हा किशोरकडे पाहिलं. किशोरनं खाटेखाली तोंड लपवायचा प्रयत्न केला, पण उशी आड आली. तो शहापूर-किन्हवली रस्त्यावर जीप चालवायचा. ही बातमी आपल्याआधी स्टँडवर पोचणार, हे त्याला त्याच क्षणी कळून चुकलं. आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या ड्रायव्हरांनी त्याची तब्येत विचारली, आणि एकानं तर खड्डे चुकवून चालव म्हणून बजावलं.

सारिकाला मात्र लाजायला सवड नव्हती. किन्हवलीच्या पुढे रस्ता डोंगराला भिडतो तिथे आवळेपाडा आहे. त्या पाड्यात राहून तिनं ठाण्याच्या माधुरीताईंचा कोर्स धरला होता. शिकायचं ते असं, की बाळंतपणात बाईजवळ शेवटपर्यंत थांबायचं, तिला श्वास सांगायचा, पाठ-कंबर दाबून द्यायची, योगातली कोणती बैठक कधी बरी पडते ते दाखवायचं आणि ती घाबरली की धीर द्यायचा. औषध, तपासणी आणि बाळ बाहेर आणणं हे डॉक्टर-नर्सचं काम, त्यात हात घालायचा नाही. अशा बाईला इंग्रजीत 'डूला' म्हणतात. पाड्यावर तो शब्द चालला नसता, म्हणून सारिकानं त्याचं 'सोबतीण' करून टाकलं.

"म्हंजी सुईन?" त्या दिवशी दारात धोंडीबाईंनी विचारलं.

"नाय काकी. सुईन बाळ काढते. मी हात धरनार."

"नुसता हात? त्याला शिकाया लागतं?"

सारिकाला ह्यावर पुष्कळ बोलता आलं असतं. मुलाच्या, आदेशच्या वेळी ती वॉर्डात एकटी होती. आई लांब, किशोर बाहेरच्या बाकड्यावर आणि धरायला काय, तर खाटेची लोखंडी दांडी. आदेश आता नववीत गेला होता, मिसरूड फुटू लागलं होतं, तरी त्या दांडीचा गारवा सारिकाच्या तळहातावरून गेला नव्हता. त्या दिवशी कुणीतरी आपला हात धरायला हवा होता, एवढंच तिला कायम वाटत आलं होतं. म्हणून तर हा कोर्स. पण एवढं सगळं विरजण मागायला आलेल्या बाईला कसं सांगणार? ती नुसतं "लागतं" म्हणाली.

कोर्सचं शेवटचं पान मात्र कठीण होतं. गरोदर बायांचा योगवर्ग घेऊन दाखवायचा आणि निदान एका बाईला कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत सोबत करायची, तीही आत, तिच्या खाटेजवळ. दिवाळीपर्यंत हे जमलं तर प्रमाणपत्र मिळणार होतं. ठाण्या-कल्याणच्या बायांचं कधीच उरकलं होतं. राहिली होती एकटी सारिका, आणि तिच्याकडे सरावाला होता एकटा किशोर.

भाताची लावणी आटपली तशी सारिका घरोघर फिरली. पाड्यात आणि आसपास मिळून चार-पाच जणी गरोदर होत्या. शुक्रवारी दुपारी समाजमंदिरात गरोदर बायांसाठी योग, असं तिनं प्रत्येक घरी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "पाठवतो, पाठवतो," म्हणाल्या. सारिकानं समाजमंदिर झाडून काढलं, चटया अंथरल्या आणि कल्याणहून आणलेला भला मोठा फुगवायचा चेंडू मधोमध ठेवला. गरोदर बाईनं त्यावर बसून अलगद डोलायचं, म्हणजे कंबर मोकळी होते. चेंडू किशोरच्या जीपमधून आला होता आणि त्यानं वाटेत एका पॅसेंजरची सीट खाल्ली होती, हे किशोर अजून बोलून दाखवत होता.

शुक्रवारी वर्ग भरला. भरगच्च भरला. फक्त त्यातल्या सगळ्यात तरुण बाईचे केस अर्ध्याच्या वर पिकलेले होते.

सारिका दारातच थबकली. पुढच्या चटईवर धोंडीबाई, शेजारी कमळूबाई, मागे बाकीच्या. सगळ्या पदर खोचून तयार.

"तुमी?" सारिका म्हणाली. "सुना कुठं हायेत?"

"घरी. त्यांना कशाला ऊन दाखवायचं?" धोंडीबाई म्हणाल्या. "दिवस गेलेली पोर, सगळ्यांसमोर पाय फाकवून बसनार काय? नजर लागंल. तू आमाला शिकव, आमी घरी जाऊन तिला शिकवतो."

"अवो काकी, पन योग असा बदली नाय करता येत!"

"का नाय? गरोदर बायांची मीटिंग असते, तिथं कोन जातं? मीच जातंय. पोषन आहाराची पाकिटं कोन आनतं? मीच. त्या गोळ्या कशा खायच्या ते कोन ऐकून येतं? आनि पूजानं एक गोळी चुकवली नाय अजून, इच्यार तिला."

आवळेपाड्यात पोरीच्या पोटात बाळ असलं, तरी त्याचं बाहेरचं सगळं कामकाज सासू बघायची. ही चाल कुणी बसवली कुणास ठाऊक, पण ती मोडायला शुक्रवारची एक दुपार पुरणार नव्हती. आता आल्यात तर परत कशाला पाठवा, असा विचार करून सारिकानं वर्ग सुरू केला.

पहिलं बद्धकोणासन. तळपाय एकमेकांना जोडून बसायचं आणि गुडघे हळूहळू वरखाली करायचे. सारिका त्याला फुलपाखरू म्हणाली. समाजमंदिरात आठ-दहा वजनदार फुलपाखरं पंख हलवू लागली आणि त्यांच्या सांध्यांचे आवाज भिंतीवर घुमले. मग मलासन, म्हणजे उकिडवं बसणं. त्यात बाया इतक्या झटकन बसल्या आणि इतक्या निवांत गप्पा मारू लागल्या, की त्यांना उठवणंच सारिकाला जड गेलं. शेवटी भ्रामरी. डोळे मिटून, कान झाकून भुंग्यासारखा गुणगुणता श्वास सोडायचा. सगळ्यांचं बरं जमलं, धोंडीबाई सोडून. त्यांच्या घशातून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेर बांधलेल्या शेळीनं दावं ओढलं.

"बरोबर येतंय ना?" धोंडीबाईंनी एक डोळा उघडून विचारलं.

"हळूहळू येईल," सारिका म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी आणखी बाया आल्या. कमळूबाईंनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, की फुलपाखरानं त्यांचे गुडघे मोकळे झाले आणि आता त्या न टेकता चुलीपासून उठतात. त्यानंतर ज्यांच्या घरी कुणी गरोदर नव्हतं, त्याही येऊ लागल्या. एकीनं तर आपला मुलगा अजून लग्नाचाच आहे, पण पुढं उपयोगी पडेल, असं कारण दिलं. वर्ग असा भरभराटीला आला, पण त्यात गरोदर बाई औषधालाही नव्हती. सारिकानं माधुरीताईंना व्हिडिओ पाठवला, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला.

"सारिका, वर्ग छान चाललाय. पण ह्या... ह्या कितव्या महिन्यात आहेत?"

"ताई, ह्या बदली आल्यात."

"कोणाच्या बदली?"

"सुनांच्या."

पलीकडून तोच व्हिडिओ पुन्हा लावल्याचा आवाज आला. मग माधुरीताई शांतपणे म्हणाल्या, "सारिका, एक खरी गरोदर बाई शोधा."

खरी गरोदर बाई शेजारच्याच घरात होती. धोंडीबाईंची सून पूजा, सातवा महिना. पूजाचं माहेर मुरबाडकडे, म्हसा गावाच्या पलीकडे सिद्धगडाच्या पायथ्याशी. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरचं. पण तिथून दवाखाना लांब, वाटेत ओढे, म्हणून धोंडीबाईंनी तिला पाठवायला साफ नकार दिला होता. पूजाची आई सकुबाई त्यावरून रुसून बसली होती. ह्या दोघी विहिणींची पहिली भेटच म्हशाच्या जत्रेत एका घोंगडीवरून झाली होती. दोघींनी एकच घोंगडी धरली आणि दोघींनीही सोडली नाही. भांडता भांडता गाव कुठलं, घरी कोण कोण, असं निघत गेलं आणि सोयरीक जुळली. घोंगडी मात्र धोंडीबाईंकडे राहिली, हे सकुबाई विसरली नव्हती.

सारिका धोंडीबाईंना भेटली. "काकी, पूजाच्या वेळी मला आत बसू द्या. मी तिच्यासाठीच शिकलेय समजा."

"बस की. तूच बस," धोंडीबाई उदारपणे म्हणाल्या. "मी बाहेर थांबंन. मना रगत बघवत नाय."

सारिकाचा जीव भांड्यात पडला. तिनं चेंडूही त्यांच्या घरी नेऊन दिला, पूजाला रोज बसवा म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी ती बघायला गेली, तर चेंडूवर धोंडीबाई बसून तांदूळ निवडत होत्या आणि त्या गडगडू नयेत म्हणून गरोदर पूजा मागून त्यांना धरून उभी होती.

"अवो काकी, तिला बसवायचं!"

"बसवते गो. आदी मी बघून घेते, फुटतो का काय ते."

संध्याकाळी दार लोटून दोघी काहीतरी करत बसायच्या. आतून धोंडीबाईंचा तो भ्रामरीचा आवाज यायचा आणि पाठोपाठ पूजाचं खिदळणं. आधी ह्याच घरात सासू-सुनेत मीठ-मिरचीपलीकडे बोलणं होत नसे. सारिकाला वाटलं, पोरगी शिकत काही नाही, नुसती हसते आहे. आपल्या हातात आली की बरोबर शिकवू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

नवरात्रात एके दिवशी सकाळी पूजाच्या पोटात दुखू लागलं. पूजाचा नवरा साईनाथ धावत सारिकाकडे आला. सारिकाची पिशवी महिनाभर तयारच होती. त्यात तेलाची बाटली, रुमाल, पाण्याची बाटली, सगळं. किशोरनं जीप काढली. पूजा बसली, धोंडीबाई बसल्या, साईनाथ बसला, सारिका चेंडू मांडीवर घेऊन बसली. तेवढ्यात कमळूबाई आल्या.

"तुमी कुठं?"

"कुठं म्हंजी? एवढं शिकलो ते काय वाया घालवायचं?"

त्यांच्या मागोमाग अख्खा शुक्रवारचा वर्ग आला. काहींच्या काखेत चटया होत्या. किशोरनं डोक्याला हात लावला, पण बाळंतिणीच्या गाडीतून कुणाला उतरवणं बरं दिसत नाही. पाड्यात बाळंतपणाला निघालेल्या गाडीत जितकी माणसं जास्त, तितकी त्या घराची इभ्रत जास्त. शेवटी चेंडू टपावर बांधला गेला. वाटेत किन्हवलीच्या नाक्यावर लोकांनी तो पाहिला आणि कुणाची तरी निवडणुकीची निशाणी असेल असं समजून हात जोडले.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचतात तो दारात सकुबाई उभी. तिला फोन साईनाथनं पहिली कळ येताच केला होता आणि ती म्हशाहून मिळेल त्या गाडीनं आली होती. रुसवा तसाच होता, पण हातात मेथी-डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

आतून नर्स आली. तिनं पूजाला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाली, मग बाहेरच्या गर्दीकडे बघून तिनं कपाळावर आठ्या घातल्या. "आत एकच बाई थांबेल. जवळची. बाकी सगळ्या बाहेर."

"मी आई हाये," सकुबाई पुढे झाली. "पयलं बाळंतपन माहेरचं असतं. घरी नेऊ दिलं नाय, निदान दवाखान्यात तरी मी."

"पोर माझ्या घरी हाये, सकाळपास्नं मी धरलीय तिला," धोंडीबाई म्हणाल्या. रक्त बघवत नाही हे त्या साफ विसरल्या होत्या. विहीण पुढे सरसावली आणि आपण मागे राहिलो, असं म्हशाच्या जत्रेतही झालं नव्हतं.

"काकी, तुमी शब्द दिलेला!" सारिका कळवळून म्हणाली. मग ती नर्सकडे वळली. "सिस्टर, मी ट्रेनिंगची सोबतीण आहे. मला थांबावंच लागेल."

"ट्रेनिंग तर आमचं पन झालंय," मागून कमळूबाई म्हणाल्या.

नर्सनं तिघींकडे पाहिलं. तिचा दिवस लांब होता आणि तिला एका वाक्यात सुटका हवी होती. "जिला कळा येतायत तिलाच विचारते." ती आत वळली. "पूजा, कोण हवं तुला?"

पूजा दाराची चौकट धरून उभी होती. कपाळावर घाम होता. तिनं आईकडे पाहिलं, सारिकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आत्या."

धोंडीबाई स्वतःच दचकल्या. "मी?"

"हा. तुमी."

सकुबाईचा चेहरा उतरला. सारिकाच्या खांद्यावरची पिशवी एकदम जड झाली. दिवाळी तोंडावर आली होती आणि दुसरी कुणी गरोदर बाई हाताशी नव्हती. पूजानं तिचा हात धरला. "वहिनी, राग नका मानू. तुमचा श्वास बरोबर असतो, मी बघितलाय. आत्यांचा चुकतो. त्या भुंगा करायला जातात आनि पिठाची चक्की सुरू होते. मना हसू येतं. हसले ना, का कळ कधी गेली ते कळत नाय. सकाळपास्नं तसंच चाललंय."

तेवढ्यात पुढची कळ आली. धोंडीबाईंनी घाईघाईनं कान झाकले, डोळे मिटले आणि चक्की सुरू केली. पूजा कळवळत हसली. सासू-सून आत गेल्या आणि दार लागलं.

सारिका बंद दाराकडे बघत उभी राहिली. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. इतक्यात बाजूला धप्पकन आवाज झाला. सकुबाई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि लाडवांचा डबा उराशी धरून रडत होती.

"पोर माझी. मी वाढवली. आनि हात सासूचा धरते. बघितलंस ना गो?"

सारिकानं शिकलेलं होतं तेवढं केलं. ती सकुबाईच्या मागे बसली, तिच्या कमरेवर तळहात ठेवले आणि दाबू लागली. "मावशी, श्वास घ्या. लांब. आता हळूहळू सोडा. येतंय ते येऊ द्या."

"काय येऊ देऊ?"

"रडू."

सकुबाईनं मोकळेपणी रडून घेतलं. सारिकाचे हात कमरेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर फिरत राहिले. तिकडे साईनाथ पांढराफटक पडला होता. बसायला बाकडं शिल्लक नव्हतं म्हणून तो चेंडूवर बसला, चेंडू सरकला आणि तो उताणा झाला. किशोरनं त्याला उठवून पुन्हा बसवलं आणि मागून धरून ठेवलं.

"घाबरू नको साईनाथ. कळ येते आनि जाते," किशोर गंभीरपणे म्हणाला. "मी सोसलंय."

आतून चक्कीचा आवाज आला. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या बायांनी कान टवकारले. "धोंडीबाईचा!" कमळूबाई म्हणाल्या. आपली बाई आत एकटी लढते आहे आणि आपण नुसत्या बसलोय, हे त्यांना पटलं नाही. त्यांनी कान झाकून भुंगा सुरू केला. मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. हळूहळू सगळा कॉरिडॉर घुमू लागला. तापाच्या औषधाला आलेले म्हातारेही त्यात सामील झाले, कारण त्यांना तो इलाजाचाच भाग वाटला.

नर्स धावत बाहेर आली. "काय बिघडलं? कसलं मशीन चालू आहे?" मग तिनं समोर बघितलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. सारिका शरमेनं अर्धी झाली. आता आपल्याला जन्मात कुणी ह्या दवाखान्याची पायरी चढू देणार नाही, असं तिला वाटलं. पण नर्स खालच्या आवाजात म्हणाली, "चालू द्या. फक्त हळू. आत ती हसतेय. तुमचा आवाज ऐकून जास्तच हसतेय."

दुपार कलायच्या आत बाळ रडलं. बाहेरचा भुंगा एकदम थांबला.

दार उघडून धोंडीबाई आल्या. लुगडं घामानं भिजलेलं होतं. त्या सरळ सकुबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "विहीनबाय, पोरगी झाली. नाक तुमचंच हाये, काय करनार. जा, आदी तुमी बघून या. मी मुद्दाम अजून नीट बघितली नाय."

सकुबाई डबा तिथंच टाकून आत पळाली. धोंडीबाई तिच्या जागेवर बसल्या आणि त्यांनी उजवा हात सारिकापुढे धरला. मनगटापर्यंत पूजाच्या नखांचे ओरखडे होते, बांगड्या फुटून एक-दोन ठिकाणी रक्त आलं होतं. "बघ गो. सोडलाच नाय तिनं," त्या अभिमानानं म्हणाल्या.

सारिका त्या हाताकडे बघत राहिली. पूजाला लोखंडी दांडी धरावी लागली नव्हती. एवढंच तर आपल्याला हवं होतं, असं तिच्या मनात आलं आणि सकाळपासून आवरलेलं रडू तिला फुटलं. धोंडीबाई लगेच तिच्या मागे सरकून बसल्या आणि तिची कंबर दाबू लागल्या. जागा चुकीची होती, पण सारिकानं सांगितलं नाही.

संध्याकाळी तिनं माधुरीताईंना फोन करून सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही आत नव्हता?"

"नाही ताई. माझी विद्यार्थिनी होती."

"आणि तुम्ही बाहेर काय केलंत?"

"मुलीच्या आईला सोबत केली."

माधुरीताई हसल्या, खूप वेळ हसल्या, त्यांनी पूजाची आणि बाळाची चौकशी केली, धोंडीबाईंना नमस्कारही सांगितला. पण नियम तो नियम. खाटेजवळ एक बाळंतपण पाहिजेच. दिवाळीपर्यंत बघा, म्हणाल्या. फोन ठेवल्यावर किशोर उठून आत गेला. मग त्यानं उशी आणली आणि ओढणी शोधू लागला.

"राहू दे," सारिका म्हणाली, पण तिला हसू आलं.

पुढच्या शुक्रवारी तिला समाजमंदिराकडे जायचीही इच्छा नव्हती. पण बाया दार ठोठावून गेल्या होत्या. गेली तर वर्ग भरलेला. बाळ झालं तरी धोंडीबाई पहिल्या चटईवर हजर होत्या आणि हातावरचे ओरखडे सगळ्यांना पुन्हा दाखवत होत्या. फक्त कमळूबाईंची चटई रिकामी होती. कमळूबाईंनी एकही शुक्रवार कधी चुकवला नव्हता, म्हणून सारिकाला जरा काळजी वाटली.

एवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. कमळूबाईंची सून सावळी. तिला सारिकानं गेल्या कित्येक महिन्यांत उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं. पोट चांगलं पुढे आलेलं होतं. ती पदर सावरत, इकडेतिकडे बघत, भिंतीला धरून उभी राहिली.

सारिका पुढे झाली. "ये गो सावळे. कितवा?"

"नववा लागलाय वहिनी."

"योगाला आलीस?"

"हा." सावळी लाजली. "आत्यांना ताप आलाय. त्या बोलल्या, आज माझ्या बदली तू जा. गुडघ्याचं काय नवीन दाखवतील ते नीट बघून ये आनि मना घरी येऊन सांग."

मग धोंडीबाईंनी सरकून आपल्या चटईशेजारची कमळूबाईंची चटई हातानं झटकली आणि आपली म्हशाची घोंगडी घडी करून तिच्यावर ठेवली. "बस गो पोरी, लाजू नको. आमी पन अशाच आलेलो."

सारिका सावळीच्या मागे जाऊन बसली आणि तिनं अलगद तिच्या कमरेवर हात ठेवले.

"बस, सावळे," ती म्हणाली. "आज सगळं गुडघ्याचंच हाये."